ट्रॅकचे ब्रेक पॅड

धीरजची गाडी वर्षभर घर ते कंपनी एवढीच धावते. ट्रॅकवर जाते फार तर दोनदा. पण तेवढ्यासाठी त्याने सगळ्यांचं डोकं खाऊन शर्यतीचे ब्रेक पॅड निवडले.

"साधे पॅड तापले की दगा देतात. हे तापतील तेवढे जास्त पकडतात," सकाळी बोईसरच्या बाजारातून जाताना तो शेजारी बसलेल्या साहेबांना सांगत होता.

वळणावर एक म्हातारी सुक्या बोंबलांची पाटी मांडून बसली होती. समोरून रिक्षा आली. धीरजने ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण पाटी चिरडून. म्हातारी जेमतेम मागे सरकली.

काच खाली करून धीरज म्हणाला, "मावशी, जरा लांब बसा ना. पॅड अजून गार आहेत, तापल्याशिवाय पकडत नाहीत."

"म्हंजे ते तापेस्तवर आमी मराचं?"

साहेबांना हसू आलं. "खमकी आहे बाई. ओळखीची आहे का?"

"छे! असेल इथलीच कुणीतरी."

म्हातारी चुरडलेले बोंबील गोळा करत होती. तिने मान वर केली.

"साहेब, याच्या डब्यात याच पाटीतले बोंबील हायत. खाताना तरी याला जल्म देनारी आयस आठवते का बगा."