सार्जंटची तपासणी

शेजारच्या अर्लने सकाळीच म्हाताऱ्या सार्जंटची दाढी केली, शर्टाची बटणं लावली, बूट चमकवून पायात घातले. तेवढ्यात नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर थेट जूनमध्ये उगवलेली सार्जंटची मुलगी डार्लीन गाडी घेऊन आली. सांभाळायला माणूस लागतो असं सरकारी डॉक्टरने लिहून दिलं, की माजी सैनिकाचं पेन्शन वाढणार होतं आणि त्यात केअर होमचा खर्च भागणार होता.

"डॅड, जरा वाढवून सांगा. मान टाकून बसा."

"ए पोरी, व्हिएतनामपासून आजवर खोटं बोललो नाही, आता पैशांसाठी बोलू? आहे तेवढंच सांगेन."

आणि डॉक्टरसमोर तेवढंच सांगितलंही. हात थरथरतात, बटण लागत नाही, एकट्याने आंघोळ होत नाही. सांगताना म्हाताऱ्याचे कान लाल झाले, पण मान ताठ होती.

"मग हे सगळं तुमचं कोण करतं?" डॉक्टरने विचारलं.

डार्लीनची नजर खाली गेली, ती नेमकी त्या चमकणाऱ्या बुटांवर.



"ही काय, माझी मुलगी," सार्जंट म्हणाले. "रोज करते."