जमिनीवर पडलेली माती

बॉनेटवर पुन्हा रेघा उमटल्या. गेंझोने हातातली, पत्रा साफ करायची मातीची वडी उलटसुलट करून पाहिली. खडा नाही, कचरा नाही.

गाडी त्याच्या धाकट्या भावाची, तोरूची. तोरूला जाऊन एकोणपन्नास दिवस झाले होते. काल दुखवटा संपवणारा विधी उरकला आणि आज त्याची बायको सानाए गाडी घेऊन गेंझोच्या वर्कशॉपच्या दारात आली.

"उद्या गिऱ्हाईक बघायला येणार आहे, भाऊजी. जरा हात फिरवाल?"

गाडी काळी होती. अकरा वर्षं गेंझोने काळ्या गाडीला हात लावला नव्हता. तरी तो हो म्हणाला. नागोयाच्या रेल्वे यार्डाजवळ राहणाऱ्यांच्या गाड्यांवर लोखंडाची भुकटी बसते. पत्रा हाताला खरखरीत लागतो. ती भुकटी ओढून काढायची तर पाणी फवारून ही वडीच फिरवावी लागते.

अकरा वर्षांपूर्वी इथेच एका गिऱ्हाइकाच्या अशाच काळ्या गाडीवर तोरूच्या हातून अशाच रेघा उठल्या होत्या. वडिलांच्या वेळेपासून वर्कशॉपचा एक नियम होता. वडी जमिनीवर पडली की थेट कचऱ्यात. कारण तिला चिकटलेले खडे रंग ओरबाडतात. गेंझोने रेघा पाहिल्या आणि निदान केलं. त्याचं निदान म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"पडलेली माती वापरलीस."

"नाही दादा. पडली नव्हती."

"मग रेघा काय मांजराने काढल्या?"

गिऱ्हाइकासमोर त्याने तोरूला माफी मागायला लावली. तोरू कमरेत वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. चूक कोणाचीही असो, दुकानाच्या वतीने धाकट्याने वाकायचं, ही रीतच आहे. वडिलांच्या हाताखाली गेंझोही असाच कितीदा वाकला होता. पण त्या दिवशी त्याने ते वाकणं म्हणजे कबुली धरली. संध्याकाळी तोरूकडून वर्कशॉपची किल्ली परत घेतली. पुढे तोरू एका गोदामात खोकी उचलत राहिला. मी त्याला केव्हाच माफ केलंय, असं गेंझो शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचा. तोरूला मात्र तसं कधी म्हणाला नाही.

आता तो एकेक कारण तपासू लागला. पाणी कमी पडलं असेल म्हणून भरपूर फवारलं. थंडीने वडी कडक झाली असेल म्हणून कोमट पाण्यात मऊ केली. हात जड पडत असेल म्हणून दोनच बोटं टेकवली. शेवटी नवं पाकीट फोडलं. त्या वडीने जमीन पाहिलीही नव्हती. चार हात फिरवून त्याने दिवा तिरका धरला.

रेघा होत्याच. तशाच, केसासारख्या बारीक.

हा काळा रंगच मऊ होता. माती कितीही स्वच्छ असो, तो रेघा धरणारच. गेंझोने पॉलिश लावून वीतभर जागा घासली. दहा मिनिटांत रेघा गेल्या. एवढ्याशा कामासाठी आपण भाऊ घालवला, हे त्याला कळलं आणि तो तिथेच बादलीशेजारी खाली बसला. त्याला स्वतःची लाज वाटली.

सानाए आतून चहा घेऊन आली.

"माती पडली नव्हती," गेंझो म्हणाला. "तोरू खरं बोलत होता. चूक माझी होती."

तिने कप हळूच खाली ठेवला.

"मी ह्यांना किती वेळा म्हटलं, भाऊजी. जा, दादांना पुन्हा एकदा सांगून बघा. पहिल्या वर्षी निघायचे घरातून, कोपऱ्यावरून परत यायचे. मग तेही सोडलं." ती बॉनेटकडे बघत होती. "नंतर नंतर म्हणायचे, 'दादा म्हणाला म्हणजे पडलीच असेल. मलाच आठवत नाही.'"