इंडिकेटरची घाई

व्यंकटरावांच्या गाडीचा डावा इंडिकेटर पुन्हा घाईघाईनं टिकटिक करायला लागला, तशी तनुजानं कपाळाला हात लावला.

"काय कळंना बाई," ती मोठ्यानं म्हणाली. शटरजवळच्या खुर्चीत बसलेल्या नानांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

नाना म्हणजे तिचे वडील, बद्रीनाथ. क्रांती चौकामागच्या या गॅरेजात त्यांनी तीस पावसाळे गाड्यांच्या वायरिंगवर काढले. यंदा चैत्रात उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, हात म्हणावा तसा नाही. आज ते आले होते ते शटरची किल्ली लेकीच्या हवाली करायला. मांडीवर कपड्यांची पिशवी होती. तीनच्या पैठण गाडीनं बिडकीनला धाकट्या भावाकडं जायचं आणि तिथंच राहायचं, असं त्यांचं ठरलं होतं. "बसून खाणाऱ्यानं गावाकडं बसून खावं," एवढंच ते म्हणाले. तनुजाला ते पटलं नव्हतं. पण नानांशी वाद घालून आजवर कोणाचं भलं झालं नव्हतं.

म्हणून तिनं हा उद्योग केला होता. चार दिवसांच्या झडीत व्यंकटरावांची गाडी उघड्यावर उभी राहिली आणि मागच्या दिव्याच्या कुजक्या रबरातून डिकीत पाणी झिरपलं. सकाळी दहा मिनिटांत तिला दोष सापडला. डाव्या दिव्यामागचा कनेक्टर, आत हिरवा गंज. तिनं तो खरवडला, हाताच्या सवयीनं फडक्यानं पुसला, आणि लावता लावता थांबली. मग अर्धवटच बसवून वरून मॅट ओढून दिली. डिकीतलं पाणीही होतं तिथंच राहू दिलं.

"फ्यूज बघितला?" नानांनी खुर्चीतूनच विचारलं.

"बघितला. चांगला हाय."

"रिले?"

"बदलून बघितली, नाना. तरी तेच."

तेवढ्यात व्यंकटराव छत्री मिटत आत आले. पोस्टातून निवृत्त झालेले, खोट्याचा विटाळ मानणारे गृहस्थ. "काय गं तनुजा, सकाळी फोनवर तर म्हणालीस की दोष..."

नानांच्या पाठीमागून तनुजानं त्यांना हात जोडले. व्यंकटरावांनी तिच्याकडं पाहिलं, मग नानांच्या मांडीवरची पिशवी पाहिली.

"...दोष काही सापडत नाही म्हणून," त्यांनी वाक्य पुरं केलं. कान लालबुंद झाले होते. "बद्रीनाथ, आता तुम्हीच बघा बुवा."

नानांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. अडीच वाजले होते. "माझी तीनला गाडी हाय," ते म्हणाले. गाडीची टिकटिक चालूच होती.

"ऐकतीस का ती?" शेवटी त्यांना राहवलं नाही. "किती घाई चाललीय तिची. एखादा दिवा पेटंना झाला की अशी घाई करती. पुढचा पेटतोय का?"

"पेटतोय."

"मग मागं बघ की!"

"बघितलं, नाना. तुम्ही बघा ना एकदा."

नाना उठले. पिशवी खुर्चीवर ठेवून, पाय ओढत गाडीच्या मागं गेले. "बॅटरी मार हितं," म्हणाले. तनुजानं उजेड धरला. त्यांनी डाव्या हातानं मॅट उचलली, पाण्याच्या वर दिव्यामागं हात घातला, चाचपडत कनेक्टर काढला. आत बोट फिरवून पाहिलं, बोट उजेडात धरून न्याहाळलं, क्षणभर थांबले.

लावताना कनेक्टर निसटला. पुन्हा निसटला. तनुजाचा मोकळा हात आपोआप पुढं झाला; तिनं तो मागं घेऊन ओढणीत गुंडाळला. नानांनी उजवा हात डाव्यानं उचलून डिकीत ठेवला, त्याच्या अंगठ्याखाली वायर दाबून धरली आणि डाव्यानं जोर दिला. खट्ट आवाज झाला. टिकटिक एकदम निवली, आणि मागचा दिवा शहाण्यासारखा उघडमीट करू लागला.

"व्वा!" व्यंकटराव ओरडले, आणि खोटं पचल्याच्या आनंदात जरा जास्तच टाळ्या वाजवू लागले. तनुजाला हसूही आलं आणि रडूही.

नाना खुर्चीकडं वळले. त्यांनी पिशवी उचलली, तशी तनुजा पुढं झाली.

"नाना, निघालात?"

नानांनी पिशवीची गाठ दातानं सोडली, आतला धुवट टॉवेल काढला आणि परत डिकीशी येऊन पाणी टिपायला लागले. टॉवेल भरला की एका हातानं कडेला दाबून पिळायचे, पुन्हा टिपायचे. ती शेजारी उभी राहिली.

"चारी बाजूनं पाणी," ते तिच्याकडं न बघता हळूच म्हणाले, व्यंकटरावांना ऐकू जाणार नाही असं. "अन् कनेक्टर आतून कोरडाठाक."

तनुजाचं तोंड उतरलं. "पुसल्याबिगर परत लावायचं नाय, हे तुम्हीच शिकवलंय," ती पुटपुटली.

"व्हय. चांगलं शिकवलं." नानांनी टॉवेल पिळला आणि तिच्या हातात दिला. "फुडच्या बारीला माझ्यासाठी काय ठेवशील, तर ओलं ठेव."