कुत्र्याचा पांढरा कान

"कुत्र्याचा कान पांढरा का आहे?" संपादकबाईंनी फोनवर नमस्कारही न करता विचारलं.

"कुठल्या कुत्र्याचा?"

"पुस्तकात एकच कुत्रा आहे. अख्खा तपकिरी, आणि डावा कान पांढरा. पुस्तक छापून झालंय."

तिनं घाईघाईनं फाइल उघडली. कान पांढराही नव्हता. तिथे रंगच नव्हता. चित्रं दुसऱ्या कुणाची होती, पण रंग तिचे, म्हणजे बोलणी तिलाच खायची होती. "पुन्हा असं झालं तर पुढचं पुस्तक दुसरीकडे देईन," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

चूक खरं तर ठिपक्याची होती. ठिपका म्हणजे घरबसल्या कामं मिळवून देणाऱ्या साइटवरचा एक माणूस. साइटवर त्यानं हेच नाव घेतलं होतं. खरं नाव तिला माहीत नव्हतं, चेहरा पाहिलेला नव्हता. रेघांचं चित्र आलं की आधी तो त्यातला एकेक भाग सपाट रंगानं भरून पाठवायचा. रंग कुठलेही चालायचे. भाग एकमेकांपासून वेगळे दिसले की झालं. त्यामुळे त्याची झाडं जांभळी असायची आणि माणसं पिवळीधमक. मग ती एकेक भाग निवडून त्यात खरा रंग भरायची, वरच्या लेअरवर सावल्या टाकायची, त्याच्यावर उजेड. शेवटी ठिपक्याच्या रंगांचा मागमूसही उरायचा नाही.

काम चोख होतं, रेघेबाहेर रंगाचा कण जायचा नाही. खोड एकच. दर पानावर काहीतरी भरायचं राहायचं. कधी खिडकी, कधी खुर्चीचा पाय. ती सांगायची, तो "माफ करा" लिहायचा आणि पुढच्या पानावर ये रे माझ्या मागल्या. ती शोधून शोधून भरायची. हा कान मात्र नजरेतून सुटला.

नजर तरी कुठे ठिकाणावर होती? आई फार दिवसांची सोबतीण नाही, असं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आईला एकदा दादाला बघायचं होतं. दादा बाबांशी भांडून गेला तो गेलाच. बाबा वारले तेव्हाही आला नाही. त्याला कळलं तरी होतं की नाही, कोण जाणे. तिनं त्याचे मित्र, त्याचं ऑफिस, त्याचे घरमालक सगळं पालथं घातलं होतं. दादाचा पत्ता नव्हता.

आई आधी रोज सकाळी विचारायची, "दादाचं काही कळलं का गं?" अलीकडे तिनं ते विचारणं सोडून दिलं होतं, आणि त्याचीच हिला जास्त धास्ती वाटायची. आई विसरायला लागलीये, असं तिनं डॉक्टरांनाही कळवलं होतं.

दुपारी आई तिच्या खोलीत येऊन बसायची. चांगली गादीची खुर्ची सोडून स्वतःच्या जांभळ्या स्टुलावर. त्याचे तीन पाय पिवळे होते आणि चौथा नुसत्या लाकडाचा. दादानं शाळेत असताना ते रंगवलं होतं. डबा संपला असेल.

"तू रंगवायच्या आधीचं दाखव," आई म्हणायची.

"अगं आई, ते खोटे रंग असतात. मी किती मेहनतीनं रंगवते, ते बघ की!"

"तुझंही छानच असतं. पण ते दाखव."

मग आई पडद्याला नाक लावून बघायची आणि एकदम खुलायची. "आहे, आहे."

"काय आहे?"

"काही नाही. कर तू तुझं काम."

डोळ्यांना आता भडकच दिसत असेल, असं म्हणून ती सोडून द्यायची.

फोननंतर मात्र तिचं डोकं फिरलं. सगळा राग तिनं ठिपक्यावर काढला. "तुमच्या हलगर्जीपणामुळे माझं काम जायची वेळ आलीये. एक कान भरता येत नाही? उद्यापासून काम पाठवू नका."

उत्तर लगेच आलं. "बरं. आईंची तब्येत आता कशी आहे?"

कधीतरी उशीर झाला म्हणून तिनं आईच्या आजारपणाचं कारण त्याला सांगितलं होतं, तेवढं यानं बरोबर लक्षात ठेवलं होतं. हकालपट्टी झाली तरी चौकशा आहेतच! तिनं उत्तर दिलं नाही.

सकाळी बघितलं तर साइटवर ठिपक्याचं खातंच नव्हतं. त्यानं ते कायमचं बंद केलं होतं. नाकाला मिरची झोंबली असेल, ती मनात म्हणाली. तरी थोडं चुकचुकलंच. इतकं तोडून बोलायला नको होतं.

नवी मुलगी मिळाली. दुपारपर्यंत तिचं पहिलं पान आलंसुद्धा. तिनं चारी कोपरे तपासले. खिडक्या, खुर्च्या, कुत्रा, सगळं भरलेलं. कितीतरी दिवसांनी तिला हायसं वाटलं.

तेवढ्यात स्टूल सरकवत आई आली. "दाखव."

"बघ. आज कशी एकसुद्धा चूक नाही!"

आई पुढे वाकली. तांदूळ निवडावेत तशी तिची नजर पानभर फिरली. एकदा फिरली, पुन्हा पहिल्यापासून फिरली. बोट खिडकीवर थांबलं, खुर्चीच्या पायांवरून गेलं, कुत्र्याच्या कानावर टेकलं. मग तिनं हात मागे घेतला आणि स्टुलाच्या त्या बिनरंगाच्या पायावर ठेवला.

"आज दादानं नाही का गं रंगवलं?"