तूप मुरलेली माती

तालमीच्या हौद्यातली माती आज पुन्हा कोपऱ्यात उकरलेली होती. सकाळची मेहनत झाली की गडी माती सारखी करून, दाराला कडी लावून जात. संध्याकाळी येऊन बघावं तर चार बोटांचे ओरखडे, आणि खड्डा कालच्याहून मोठा.

"जुना कुनी मेलेला पैलवान हाय," रखमाजी वस्ताद दबक्या आवाजात म्हणाले. "मातीतल्या तुपासाठी येऊन राह्यला."

त्यांनी कोपऱ्यात दहीभात ठेवून पाहिला. दहीभात जसाच्या तसा राहिला, माती तेवढी गेली.

वस्तादांचा पठ्ठा धुळाजी त्या कोपऱ्यापासून लांबच राहू लागला. तसा तो भिणारा गडी नव्हता. राजूरची जत्रा तोंडावर आली होती, मानाची कुस्ती त्याची होती, आणि अख्ख्या मोगलाईत असा गडी नाही असं गाव म्हणत होतं. त्याची आई झुंबरबाई दोन्ही म्हशींचं दूध त्याच्या एकट्याच्या नरड्यात ओतत होती. त्यातूनही उरलेलं तूप-ताक तालमीला जाई, कारण माती अशी लोण्यासारखी मऊ फुकटची होत नाही. तिलाही खुराक लागतो. घरातली बाकीची माणसं काय खातात, हे धुळाजीने कधी विचारलं नव्हतं. पैलवानानं ताटात बघावं, चुलीकडं बघू नये, असं आईच म्हणायची.

अशा भुताळ्या मातीत सराव कसा व्हायचा? जत्रेआधी सोक्षमोक्ष लावायचा म्हणून तो भर दुपारी, गाव चिडीचूप झाल्यावर तालमीत शिरला. हातात बदाम घातलेल्या दुधाचा लोटा होता. "दिसलं तर पाज अन् मोकळं कर," असं सांगून वस्ताद मात्र बाहेर पारावरच थांबले.

आत अंधार होता. कोपऱ्यातून करकर आवाज येत होता, खडा दाताखाली यावा तसा. धुळाजीने मनात मारुतीचं नाव घेतलं आणि पुढे झाला. मागच्या पडक्या भिंतीतून उन्हाची तिरीप आली होती. तिच्यात आधी हिरव्या बांगड्या दिसल्या, मग तोंड.

ती त्याची बायको होती, जयवंता. सातवा महिना लागलेली. ओठांना तांबडी माती, आणि चेहरा पिठासारखा पांढरा.

बाईमाणसानं तालमीचा उंबरा ओलांडू नये! तो ओरडणारच होता. पण तिने हात वर केला तशा बांगड्या घसरून थेट कोपरापर्यंत गेल्या, आणि त्याचा आवाज खाली आला.

"काय करून राह्यलीस हे?"

ती दचकलीसुद्धा नाही. "आत्याबाईंनी दुधाला हात लावू नको म्हन्लं," ती साधेपणाने म्हणाली. "मातीचं काई बोलल्या न्हाईत."

धुळाजीला स्वतःच्या दंडांची लाज वाटली. तो तिच्यापुढे बसला आणि त्याने लोटा तिच्या ओठांना लावला. "पी. सगळं पी. आजपासून समदं तुझंच."

तिने शहाण्या लेकरासारखा एक घोट घेतला. तो तोंडात घोळवला, गिळला, पदराने ओठ पुसले.

"चव न्हाई ह्याला," ती म्हणाली, आणि तिचा हात पुन्हा मातीकडे गेला.

त्याने मनगट धरलं. त्याच्या पंजातून आजवर एकही गडी सुटला नव्हता. तो काडीएवढा हात मात्र त्याला ओढत मातीकडे सरकत राहिला.

बाहेरून वस्तादांनी हाक मारली, "धुळा, दूध पेलं का? गेलं का रं ते?"