राहिलेली सही

हॉस्टेलला अकरा दिवस पाणी नव्हतं, म्हणून पाचोडच्या सुकेशनीनं प्राचार्यांच्या दारात रिकाम्या बादल्या मांडल्या आणि तिथंच बसली. तिला कॉलेजातून काढायच्या कागदावर आता तत्त्वज्ञानाच्या खंडेराव सरांची सही तेवढी राहिली होती.

"करा सही, मेजर." फौजेत सर साधे शिपाई होते, पण काम असलं की प्राचार्य त्यांना मेजर म्हणत. "संस्थेचा हुकूम आहे. हुकूम म्हणजे काय, हे तुम्हाला आम्ही सांगावं का?"

"लढाईत मला बी एक हुकूम आला होता," सर म्हणाले. "जखमी सोमनाथला डोंगरावरच सोडा आन् खाली उतरा."

"मग?"

"उतरलो."

"हे बघा. ह्याला म्हणतात शिस्त."

"पार खालपर्यंत त्याच्या हाका ऐकू येत होत्या. माझं नाव घेऊन मारत होता. त्यानंतर फौज सोडली आन् हा विषय घेतला, साहेब."

पेनाला टोपण लावून सर उठले, बाहेर गेले आणि सुकेशनीशेजारची एक बादली पालथी घालून त्या बादलीवर बसले.