प्रिंटरची वही

“पुन्हा हात लावलास ना?” सत्यमने विचारलं.

“न्हाई सायेब. नुसतं फडकं मारलं.”

“फडकं मारलं म्हणजे हातच लावला ना, शहाण्या!”

भुशी रस्त्यावरच्या त्या बंगले भाड्याने देणाऱ्या ऑफिसात महिनाभर हाच तमाशा चालू होता. प्रिंटर मध्येच नेटवर्कवरून गायब व्हायचा. बाहेर पाहुणे बॅगा घेऊन ताटकळत उभे, आत काउंटरवरची चंपा फॉर्म निघेना म्हणून रडकुंडीला आलेली. आणि हे सगळं कुणामुळे, तर हौशीराममुळे. जवळच्याच औंढे गावचा हा पंचावन्न वर्षांचा शिपाई रोज सकाळी प्रिंटर पुसायचा आणि वर झेंडूचं फूल ठेवायचा. यंत्राला फूल! आता बोला.

सत्यम ऑफिसचा कॉम्प्युटरवाला. पुण्यात कोर्स केलेला. या अडाण्यांत आपण फुकट चाललोय, हे तो दिवसातून दोनदा तरी ऐकवायचा. नव्याने आलेल्या मॅनेजर अनघा मॅडमना त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, “मशीन उत्तम आहे, मॅडम. माणसं भंगार आहेत.”

“पण कनेक्शन तुटतं कशाने?” आज त्यांनी विचारलं.

सत्यमने सुस्कारा टाकला. “प्रत्येक यंत्राला नेटवर्कवर एक नंबर असतो, गाडीतल्या सीटसारखा. एकाच सीटवर दोघं बसले तर एकाला उठावं लागतं; आपला नंबर धरून बसलं की झालं. माझ्या फोनला मी स्वतः पक्का नंबर टाकून ठेवलाय. प्रिंटरलाही टाकलाय. फोन कधी तुटतो का? नाही. कारण त्याला हौशीराम फडकं मारत नाही!”

चंपा फिस्सकन हसली. हौशीरामही हसला, बिचारा.

“त्याला काढा,” सत्यम म्हणाला. “मी लेखी रिपोर्ट देतो.”

“बावीस वर्षं झालीत त्यांना. पुरावा लागेल.”

“मिळेल की.”

त्याने हौशीरामच्या हातात एक वही कोंबली. “प्रिंटर बंद पडला की वेळ लिहायची. चालू झाला तरी लिहायची. तेव्हा कोण आलं, कोण गेलं, तेही लिहायचं. लिहिता येतं ना?”

“सातवी झालीय, सायेब.”

“अरे वा! विद्वानच की.”

आता हा येडा स्वतःच्याच हाताने स्वतःचा गुन्हा लिहून देणार, या विचाराने सत्यमला दिवसभर गुदगुल्या होत होत्या.

हौशीरामच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. “पोरी, रिटायर व्हायला तीन वर्सं राह्यलीत माजी,” तो चंपाला म्हणाला. “आता काढलं तर ह्या वयात मला कुटं कोन उभं करतंय?”

“मग ते फूल-बिल बंद करा ना, आबा.”

त्याने फूल बंद केलं. फडकंही बंद केलं. स्टूल उचलून दाराशी नेलं आणि तिथे वही मांडीवर घेऊन बसला. प्रिंटर बंद पडायचा तो पडतच राहिला.

“नाटकं!” सत्यम म्हणाला.

गुरुवारी सत्यम मावसभावाच्या साखरपुड्याला तळेगावला गेला. म्हाताऱ्याला तेवढाच एक दिवस ओरडा बसला नाही.

सोमवारी सत्यमने हौशीरामला कामावरून कमी करण्याचं पत्र स्वतःच टाइप केलं आणि प्रिंटची आज्ञा दिली. प्रिंटर ढिम्म.

“बघा मॅडम, आत्तासुद्धा! याने सकाळीच काहीतरी केलं असणार.”

“वही आणा, हौशीराम भाऊ. आणि थांबा, पत्रावर तुमची सही लागेल.”

हौशीरामने वही दिली. अनघा मॅडमनी एकेक पान सावकाश वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“गुरुवारी एकदाही बंद पडला नाही?”

“न्हाई म्याडम. त्या दिशी मी फडकंबी मारलं. खोटं कशाला बोलू?”

“योगायोग,” सत्यम म्हणाला. “असल्यांच्या नोंदींवर काय विश्वास ठेवायचा?”

मॅडमनी वही मिटली. “सत्यम, फोन आहे ना खिशात?”

“आहे. का?”

“तो घेऊन जरा कोपऱ्यावरच्या चिक्कीच्या दुकानापर्यंत जाऊन ये. अर्धा किलो आण.”

सत्यम समजला. म्हातारा रडणार, ते त्याच्यादेखत नको. बाई माणूस म्हणून जरा हळव्याच. तो शीळ घालत गेला.

तो फाटकाबाहेर पडून वळणाआड गेला, आणि मिनिटभरात प्रिंटर घरघरला. पत्र बाहेर आलं. अनघा मॅडमनी ते उचललं, पेनाने हौशीरामचं नाव खोडलं आणि विचारलं, “भाऊ, सत्यमचं आडनाव काय हो?”